प्रवासात असताना घरचा संगणक वापरायचा असेल तर निघण्याआधी करायची तयारी

पहिल्यांदा ही सोय करून मी घराबाहेर पडले तेव्हा तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर घरचा संगणक 'ऑफलाइन'. परतल्यावर कळलं ते असं: रात्री थोडा वेळ वीज गेली, परत आली, राउटर आपला आपण सुरू झाला आणि संगणक मात्र बंदच राहिला. त्याचं बटण दाबायला घरात कुणीच नव्हतं. मी परतायला अजून अकरा दिवस होते आणि ज्या फाइलीसाठी एवढी खटपट केली होती ती त्या अकरा दिवसांत मिळाली नाही.

तेव्हापासून दर प्रवासाआधी ही तयारी मी करते आणि दर वेळी तिच्यात काहीतरी भर पडते. माझं एक मत आता पक्कं झालंय: दुरून संगणकाला जोडणं अर्ध्या तासाचं काम आहे. खरी मेहनत लागते ती घरात कुणी नसताना तो संगणक चालू राहावा, नेटवर्कवर असावा आणि तुम्हाला आत घेण्याच्या स्थितीत असावा यासाठी. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरपेक्षा वीज, झोप, पासवर्ड आणि तालीम यांनाच जास्त जागा दिली आहे.

ही तयारी निघण्याच्या आदल्या रात्री करू नका. किमान एक आठवडा आधी सुरू करा, म्हणजे काय बिघडतंय ते घरात असतानाच दिसेल.

१. तुम्हाला नेमकं काय हवंय ते ठरवा

अनेकांना पूर्ण संगणक लागतच नाही, चार फोल्डर लागतात. तसं असेल तर ते फोल्डर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा तत्सम ठिकाणी ठेवा, नाहीतर सिंकथिंगसारख्या साधनाने ते घरचा संगणक आणि सोबतचा लॅपटॉप या दोन्हींवर एकसारखे ठेवा. हे सोपं आहे, सुरक्षित आहे आणि घरची वीज गेली तरी तुमचं काम अडत नाही.

पूर्ण संगणकच लागेल अशी कारणं वेगळी असतात. एखादं सॉफ्टवेअर फक्त त्याच यंत्रावर बसवलेलं असतं आणि त्याचा परवानाही तिथलाच असतो. फाइली इतक्या मोठ्या असतात की सोबत नेणं शक्य नसतं. किंवा जड काम घरच्या ताकदवान यंत्रावर चालवून फक्त निकाल बघायचा असतो. यातलं काही असेल तर पुढे वाचा.

एक गोष्ट स्पष्ट करते. हा लेख तुमच्या स्वतःच्या संगणकाबद्दल आहे. नोकरीच्या ठिकाणच्या यंत्रावर असं काही बसवायचं असेल तर तिथल्या आयटी विभागाची परवानगी आधी घ्या.

२. हाताशी काय काय असायला हवं

- घरच्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड. पिन किंवा बोटाचा ठसा चालणार नाही, खरा पासवर्डच हवा.
- राउटरच्या सेटिंग पानाचा पासवर्ड
- घरचा संगणक राउटरला जोडायला लॅन केबल
- संगणक आणि राउटर दोन्ही चालतील एवढा यूपीएस
- दुसऱ्या मार्गाने इंटरनेट, म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. चाचणी त्याच्याशिवाय होत नाही.
- टू-स्टेप पडताळणीचे बॅकअप कोड, कागदावर
- घराची किल्ली असलेली विश्वासातली एक व्यक्ती

शेवटची गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते. त्या व्यक्तीला संगणकातलं काही कळत नसलं तरी चालेल.

३. साधन निवडा

विंडोजमध्ये 'रिमोट डेस्कटॉप' आधीपासून असतं. मात्र ज्या संगणकात शिरायचंय त्यावर विंडोजची प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. होम आवृत्तीवरून तुम्ही दुसऱ्या यंत्राला जोडू शकता, पण होम आवृत्तीच्या यंत्रात दुसरीकडून शिरता येत नाही. नवखे लोक इथेच सगळ्यात आधी अडकतात. सेटिंगमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडून आपली आवृत्ती आधी बघून घ्या.

होम आवृत्ती असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्या. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. लागतं ते गूगल खातं आणि किमान सहा आकडी पिन. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क यांची मोफत आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी असते, त्यामुळे धंद्याच्या कामासाठी त्यांच्यावर विसंबायचं असेल तर परवाना विकत घ्या. रस्टडेस्क हे मुक्त स्रोत साधन आहे आणि त्याचा सर्व्हर स्वतः चालवता येतो.

मॅकवर 'स्क्रीन शेअरिंग' अंगभूत आहे. नुसत्या कमांड चालवायच्या असतील तर 'रिमोट लॉगिन', म्हणजेच एसएसएच, पुरेसं आहे आणि कमकुवत नेटवर तेच सगळ्यात चांगलं टिकतं.

विंडोज प्रो असेल तर माझी पसंती अंगभूत रिमोट डेस्कटॉपला. एक तर ते वेगवान आहे. दुसरं म्हणजे तुम्ही जोडलेले असताना घरच्या मॉनिटरवर फक्त लॉक स्क्रीन दिसते. स्क्रीन जशीच्या तशी पाठवणाऱ्या साधनांमध्ये घरी मॉनिटरसमोर बसलेल्याला तुमचं सगळं काम दिसत राहतं, जोपर्यंत तुम्ही ते वेगळं झाकत नाही. तिसरा फायदा मला उशिरा कळला. मॉनिटर बंद असेल किंवा काढून ठेवला असेल तरी रिमोट डेस्कटॉप स्वतःची स्क्रीन तयार करतं. इतर साधनांमध्ये मॉनिटर नसेल तर स्क्रीन कधी पूर्ण काळी दिसते, कधी अगदी लहान. त्यावर उपाय म्हणून एचडीएमआयच्या खोबणीत बसणारा छोटा 'डमी प्लग' मिळतो. तो लावला की संगणकाला मॉनिटर जोडलेलाच आहे असं वाटतं.

४. राउटरमध्ये पोर्ट उघडू नका

जुन्या मार्गदर्शिकांमध्ये सांगितलेलं असतं की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी एक दार (पोर्ट) उघडा, ३३८९ क्रमांकाचा पोर्ट घरच्या संगणकाकडे वळवा आणि जगात कुठूनही जोडा. कृपया असं करू नका.

३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट आहे. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अखंड चालू असतात आणि सापडला की पासवर्डांचा मारा सुरू होतो. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी सॉफ्टवेअरमध्येच भोक निघालं तर तो कामाला येत नाही. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली होती. तिच्यात जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून पासवर्डाशिवायच आत शिरता येत होतं. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पोर्टचा क्रमांक बदलल्याने धोका टळत नाही, शोधणाऱ्याला जरा जास्त वेळ लागतो एवढंच.

शिवाय कित्येक घरांत पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. राउटरमध्ये कितीही सेटिंग केलं तरी बाहेरून येणारी जोडणी तुमच्या दारापर्यंत पोहोचणार नाही. हे ठाऊक नसताना मी दोन संध्याकाळ राउटरशी झगडण्यात घालवल्या.

यावर उपाय म्हणजे स्वतःचं खासगी नेटवर्क. मी टेलस्केल वापरते. ते वायरगार्ड या तंत्रावर उभं आहे. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या कर्नलमध्ये (गाभ्यात) सामावून घेतलेलं हे तंत्र आज व्हीपीएनसाठी, म्हणजे अशाच खासगी नेटवर्कसाठी, सर्वत्र वापरलं जातं. करायचं ते इतकंच:

घरच्या संगणकावर आणि सोबत नेणार त्या लॅपटॉपवर, फोनवर टेलस्केल बसवा. सगळीकडे एकाच खात्याने साइन इन करा. प्रत्येक यंत्राला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. तुम्ही जगात कुठेही असलात तरी त्या पत्त्यावर घरचा संगणक सापडतो, जणू दोन्ही यंत्रं एकाच खोलीत आहेत. राउटरला हात लावावा लागत नाही आणि सीजीनॅटही आड येत नाही.

यात दोन खड्डे आहेत आणि दोन्ही प्रवासातच लक्षात येतात.

पहिला: विंडोजवर टेलस्केल सहसा तुम्ही लॉगिन असेपर्यंतच जोडलेलं राहतं. संगणक रीस्टार्ट झाला आणि कुणी लॉगिन केलं नाही तर तो नेटवर्कवर दिसणारच नाही. टेलस्केलच्या प्रेफरन्समध्ये 'रन अनअटेंडेड' हा पर्याय चालू करा.

दुसरा: प्रत्येक यंत्राच्या साइन इनची एक मुदत असते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती १८० दिवसांची आहे. ती नेमकी प्रवासात संपली तर घरच्या संगणकावर पुन्हा साइन इन करायला समोर बसलेलं कुणीतरी लागेल. टेलस्केलच्या ॲडमिन पानावर घरच्या यंत्रापुरता 'डिसेबल की एक्स्पायरी' हा पर्याय निवडा. सोबत नेणाऱ्या यंत्रांची मुदत मात्र तशीच राहू द्या, ती हरवण्याची शक्यता जास्त असते.

क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरणार असाल तर वेगळं खासगी नेटवर्क लागत नाही, ते गूगलच्या सर्व्हरमार्फत दोन्ही टोकं जुळवतं.

५. रिमोट डेस्कटॉप चालू करा

विंडोज सेटिंगमध्ये 'सिस्टिम', मग 'रिमोट डेस्कटॉप', आणि बटण चालू. तिथेच संगणकाचं नाव दिसतं, ते लिहून घ्या. 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन' चालू असेल तर तसंच ठेवा.

आता पासवर्डचा घोळ. तुम्ही रोज पिन टाकून किंवा चेहरा दाखवून लॉगिन करत असाल तर रिमोट डेस्कटॉपला ते चालत नाही, त्याला खात्याचा पासवर्ड हवा. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर वापरकर्ता नावाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड टाकायचा. हे करूनही 'पासवर्ड चुकीचा' असंच येत राहिलं तर सेटिंगमध्ये 'साइन इन ऑप्शन्स' उघडा, फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशानेच) साइन इन करू देणारा पर्याय बंद करा आणि एकदा संगणकासमोर बसून पासवर्ड टाकून लॉगिन करा. त्यानंतर सहसा दुरूनही चालतं. घरी असताना यात दहा मिनिटं जातात. बाहेरून हे जमत नाही.

६. संगणक जागा आणि जिवंत ठेवा

या पायरीला एक अख्खी दुपार द्या.

*झोप.* सेटिंगमध्ये 'पॉवर' उघडा आणि प्लगवर असताना 'स्लीप' ला 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही, संगणक झोपला नाही पाहिजे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या 'पॉवर मॅनेजमेंट' मध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची परवानगी काढून टाका. मॅकवर डिस्प्ले बंद असतानाही झोपू नये असा पर्याय ऊर्जेच्या सेटिंगमध्ये असतो.

वेक-ऑन-लॅन वापरून झोपलेला संगणक हवा तेव्हा उठवू, असं अनेकांना वाटतं. त्याचं काम साधं आहे: संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) सोळा वेळा लिहिलेला एक लहानसा संदेश नेटवर्कवर सोडला की कार्ड संगणकाला जागं करतं. पण हा संदेश घरातल्या घरातच फिरतो. दूरदेशातून तो पाठवायला घरात कायम चालू असलेलं दुसरं यंत्र लागतं, उदाहरणार्थ एखादा रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) किंवा ही सोय असलेला राउटर. वायफायवर तर त्याचा फारसा भरवसा नाही. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर पूर्ण बंद केलेला संगणक बहुधा त्याने उठतही नाही. पहिल्या प्रवासासाठी माझा सल्ला असा की संगणक सरळ चालू ठेवा. रिकामा असताना ५० वॉट घेणारा संगणक दिवसाला १.२ युनिट वीज खातो. दोन आठवड्यांचे सतरा युनिट होतात. मला तेवढा खर्च मान्य आहे.

*वीज.* संगणक सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जा. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'आफ्टर पॉवर फेल्युअर' अशा नावाचा पर्याय शोधा. त्यात साधारण तीन निवडी असतात: बंद राहा, चालू हो, आधीच्या स्थितीत जा. 'चालू हो' निवडा. 'आधीची स्थिती' निवडली आणि चुकून तुम्हीच संगणक बंद केलात तर वीज जाऊन आली तरी तो बंदच राहील. डेस्कटॉप प्रकारच्या मॅकमध्ये हाच पर्याय सेटिंगमध्ये मिळतो. पहिल्या प्रवासात माझ्याकडून राहिली ती हीच गोष्ट.

सेटिंग केल्यावर खरंच तपासा. संगणक नीट शट डाउन करा, मागची वायर काढा, मिनिटभर थांबा आणि परत लावा. बटणाला हात न लावता तो सुरू झाला पाहिजे.

यूपीएसवर संगणकासोबत राउटर आणि फायबरचा डबाही लावा. नुसता संगणक चालू राहून उपयोग नाही, त्याला बाहेर पडायला वाटही हवी.

घरी ठेवायचं यंत्र लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी हाच यूपीएस. झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' असं सेटिंग करा आणि तरीही झाकण थोडं उघडं ठेवा, उष्णता बाहेर पडते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. मात्र वीज इतका वेळ गेली की बॅटरीच संपली, तर बहुतेक लॅपटॉप नंतर आपोआप सुरू होत नाहीत. म्हणून पर्याय असेल तेव्हा मी डेस्कटॉपच निवडते.

*अपडेट.* निघण्याच्या तीन दिवस आधी सगळे अपडेट बसवा, रीस्टार्ट करा आणि दोन दिवस नेहमीसारखं वापरून बघा. मग विंडोज अपडेट थांबवा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. बायोसचा अपडेट तर प्रवासाच्या तोंडावर करूच नका. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर बायोस बदलल्यावर संगणक सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो आणि ती टाकायला समोरच बसावं लागतं. ती की कुठे साठवली आहे हे या निमित्ताने शोधून ठेवा.

बिटलॉकरला सुरुवातीचा पिन लावला असेल किंवा मॅकवर फाइलव्हॉल्ट (तिथली तशीच सोय) असेल तर हीच अडचण दर रीस्टार्टला येते. पासवर्ड टाकेपर्यंत डिस्क उघडत नाही आणि तोवर स्क्रीन शेअरिंगही सुरू होत नाही. म्हणून कूटबद्धीकरण, म्हणजे डिस्कचं हे कुलूप, काढून टाका असं मी म्हणणार नाही, चोरी झाली तर तेच तुम्हाला वाचवतं. विंडोजवर नुसत्या टीपीएम चिपच्या (संगणकातच किल्ली जपणाऱ्या चिपच्या) भरवशावर चालणारं बिटलॉकर लॉगिनच्या पडद्यापर्यंत आपोआप येतं, प्रवासापुरतं ते सोयीचं आहे. मॅकवर मुद्दाम करायच्या रीस्टार्टसाठी टर्मिनलमधून एक वेळची आगाऊ परवानगी देता येते. वीज गेल्यावर मात्र तिचा उपयोग नाही, म्हणून मॅकवाल्यांनी यूपीएसवर पैसे वाचवू नयेत.

*नेटवर्क.* वायफायऐवजी लॅन केबल लावा. राउटरमध्ये संगणकाला कायमचा स्थानिक पत्ता राखून ठेवा.

*शेवटचा उपाय.* संगणक अडकला, काहीच प्रतिसाद देत नाही, तर स्मार्ट प्लगने त्याची वीज तोडून पुन्हा देता येते. बायोसचं वरचं सेटिंग केलेलं असेल तर तो पुन्हा सुरू होतो. मात्र अशी वीज तोडल्याने उघड्या फाइली बिघडू शकतात, तेव्हा बाकी सगळं थकल्यावरच हे करा. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे याचा काही उपयोग नाही.

७. आत शिरायची दुसरी वाट ठेवा

एकच वाट ठेवू नका. माझ्या संगणकावर टेलस्केल आणि रिमोट डेस्कटॉप ही मुख्य वाट आहे आणि क्रोम रिमोट डेस्कटॉप ही राखीव. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत, त्यामुळे एक बंद पडली तर दुसऱ्या वाटेने आत जाऊन पहिली दुरुस्त करता येते. एकदा असंच झालं. एका अपडेटनंतर रिमोट डेस्कटॉप जोडेना, मी राखीव वाटेने शिरले आणि संगणक रीस्टार्ट केला, मुख्य वाट परत सुरू झाली.

तिसरी वाट म्हणजे किल्ली असलेली व्यक्ती. तिच्यासाठी एका कागदावर लिहून ठेवा: संगणक कुठे आहे, चालू करायचं बटण कुठलं, राउटर कुठला, तो बंद करून किती वेळाने सुरू करायचा. बटणांवर रंगीत कागद चिकटवा. फोनवर घाईत समजावून सांगण्यापेक्षा हे फार बरं पडतं. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका, बटण दाबायला पासवर्ड लागत नाही.

८. खात्यांची कुलपं तपासा

आता तुमच्या घरच्या संगणकाची चावी म्हणजे तुमचं गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खातं. ते ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचेल. दोन्हीकडे टू-स्टेप पडताळणी चालू करा.

आणि इथेच प्रवाशांचा सगळ्यात मोठा सापळा आहे: ओटीपी एसएमएसने येतो आणि तुम्ही परदेशात दुसरं सिम टाकलेलं असतं. नव्या देशातून साइन इन होतंय हे बघून खातं पडताळणी मागतं, कोड घरच्या नंबरवर जातो आणि तुम्ही दाराबाहेर. म्हणून एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. त्यातले कोड फोनवरच, वेळेवरून तयार होतात, त्यांना नेट किंवा सिम लागत नाही. फोनची वेळ 'आपोआप' वर ठेवा म्हणजे देश बदलला तरी कोड चुकणार नाही. गूगल दहा बॅकअप कोड देतं. ते छापून फोन आणि लॅपटॉपपासून वेगळ्या बॅगेत ठेवा. फोन चोरीला गेला तर त्याच कागदाने तुम्ही खात्यात शिराल.

सोबत नेणाऱ्या प्रत्येक यंत्रावर घरूनच साइन इन करून ठेवा. ओळखीच्या यंत्राकडे खातं कमी वेळा पडताळणी मागतं.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. स्क्रीन दुरून दाखवणारी हीच साधनं भामटेही वापरतात. बँकेतून, कुरिअरमधून, तांत्रिक मदत केंद्रातून बोलतोय असं सांगून कुणी अमुक ॲप बसवा, त्यातला आकडा सांगा म्हटलं तर फोन ठेवा. तुमच्या जोडणीचा आकडा किंवा पिन मागायचं प्रामाणिक कारण कुठल्याही अनोळखी माणसाकडे नसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे आजच सांगा, विशेषतः त्यांच्या संगणकावर तुम्ही असं साधन बसवलेलं असेल तर.

९. रंगीत तालीम

घरच्या वायफायवर बसून केलेली चाचणी ही चाचणी नाही. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर असतात, मग चालणारच.

लॅपटॉपचं वायफाय मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि या क्रमाने करा:

१. संगणकाला जोडा, एक फाइल उघडा, बदला, साठवा, लॅपटॉपवर उतरवून घ्या.
२. दुरूनच संगणक रीस्टार्ट करा. पाच मिनिटं थांबा. घरच्या संगणकाजवळ न जाता पुन्हा जोडा.
३. राउटर बंद करून चालू करा आणि पुन्हा जोडा.
४. संगणक बंद करून त्याची वायर काढून परत लावा. पुन्हा जोडा.
५. राखीव वाटेने हेच सगळं करा.
६. फोनवरूनही एकदा जोडून बघा.

शेवटी खरोखर घराबाहेर पडा. एक अख्खा दिवस बाहेरून काम करा. मला दर वेळी या दिवशी काहीतरी सापडतं: कधी विसरलेला पासवर्ड, कधी लॅपटॉपवर नसलेला फॉन्ट. दुसरी आणि चौथी चाचणी कुणी टाळत असेल तर मी त्याला संगणकाच्या भरवशावर निघूच नको असं सांगेन.

१०. प्रवासात असताना

'शट डाउन' दाबू नका. काम झालं की 'डिस्कनेक्ट' करा. हातांना सवय असते, चुकून बटण दाबलं जातं, म्हणून मी घरच्या संगणकाच्या डेस्कटॉपचा रंग लाल ठेवते. कुठल्या यंत्रावर आहोत हे नजरेला लगेच कळतं. रिमोट डेस्कटॉपमध्ये कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ऐवजी कंट्रोल, ऑल्ट, एंड दाबायचं असतं, नाहीतर तुमच्या हातातल्या लॅपटॉपचाच पडदा उघडतो.

हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायवर आधी ब्राउझर उघडून त्यांच्या पानावर नोंद करा, तोवर काहीच जोडलं जाणार नाही. काही ठिकाणी व्हीपीएन अडवलेलं असतं. टेलस्केल अशा वेळी साध्या वेबसाइटच्या वाटेने, म्हणजे ४४३ पोर्टवरून, जायचा प्रयत्न करतं. तरीही जमलं नाही तर मोबाइलचं नेट वापरा. काही देशांत व्हीपीएनवर कायद्याने निर्बंध आहेत, जाण्याआधी तिथले नियम वाचा.

सायबर कॅफेतल्या किंवा हॉटेलच्या लॉबीतल्या संगणकावरून घरी जोडू नका. त्यावर कळांची नोंद ठेवणारा प्रोग्राम असेल तर तुम्हाला कळणारही नाही.

संथ वाटलं तर घरच्या नेटचा अपलोड वेग आधी बघा. चित्र घराकडून तुमच्याकडे येतं, म्हणजे घरचा डाउनलोड कितीही असला तरी उपयोग अपलोडचाच. रिझोल्यूशन कमी करा, वॉलपेपर काढा. काही उशीर मात्र अंतराचाच असतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरवरून कळ दाबली तर जाऊन यायलाच ०.१ सेकंद लागतो, वाटेतली यंत्रं आणखी भर घालतात. मजकूर लिहिताना हे चालून जातं, व्हिडिओ संपादनाला त्रास होतो.

लॅपटॉप किंवा फोन हरवला तर पोलीस तक्रारीच्याही आधी टेलस्केलच्या ॲडमिन पानावरून ते यंत्र काढून टाका आणि खात्यातून सगळीकडचं साइन इन बंद करा. हे कुठे आणि कसं करायचं ते घरीच एकदा करून बघा, त्या क्षणी शोधत बसायला लागू नये.

११. परत आल्यावर

थांबवलेले अपडेट त्याच दिवशी पुन्हा सुरू करा. राखीव वाट पुढच्या प्रवासापर्यंत लागणार नसेल तर बंद करा. ॲडमिन पानावरची यंत्रांची यादी वाचा आणि अनोळखी किंवा जुनं काही असेल तर काढा. वापरलेले बॅकअप कोड बाद झालेले असतात, नवा संच काढून जुना कागद फाडून टाका. आणि प्रवासात जे जे अडलं ते तुमच्या यादीत लगेच लिहा. माझ्या यादीत गेल्या वेळी भर पडली ती यूपीएसची बॅटरी तपासण्याची.